कोंबड्यांची साक्ष

आमच्या घरात कुणाचंही लग्न ठरायचं असलं की स्थळ बघायला बाबा जात, काका जात, पण निकाल द्यायची ती आत्या. बाबांची ही थोरली बहीण दाभोशाला दिलेली. असा काही प्रसंग आला की तिला निरोप धाडून आमच्या साखरशेतला बोलावून घ्यायचं, आणि तीही काखेला पिशवी लावून लगेच हजर व्हायची. नवरा वारल्यापासून तिला घरी अडवणारं कुणी नव्हतं.

तिची परीक्षा साधी होती. बाकीचे लोक पडवीत बसून शेती कशी, पाणी कुठून आणता, पोरगा काय करतो असलं विचारत. आत्या चूळ भरायच्या निमित्ताने परसात जाई आणि कोंबड्या बघत उभी राही. घरातला पुरुष बाजूने गेला आणि कोंबड्या आपल्या चरत राहिल्या, तर माणसाचा हात गरीब. ओरडत पळाल्या, तर हा माणूस दगड मारणारा, लाथ घालणारा. "माणूस पावण्यापुढं गोड बोलतंय," ती म्हणायची. "कोंबडीपुढं कोण कशाला गोड बोलंल?"

आता हे ऐकायला झकास वाटतं. एका मुलाला तिने असंच परसातून नाकारलं, आणि वर्षाच्या आत तो बायकोला मारतो म्हणून गावभर बोभाटा झाला. झालं, आत्याचं नाव मोठं झालं. माझ्या चुलत बहिणीच्या वेळी मात्र तिने दिलेल्या होकाराचा विषय कुणी काढत नाही. त्या घरच्या कोंबड्या जावईबापूंच्या अंगाखांद्यावर खेळत होत्या. लग्नानंतर कळलं की त्या घाबरत नव्हत्या, कारण जावईबापू खाटेवरून उठतच नव्हते. पण बरोबर निघालेलं सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि चुकलेलं ज्याचं त्याने भोगायचं, त्यामुळे आत्याची नजर आमच्याकडे शाबूतच राहिली.

मग माझी पाळी आली.

मुलगा मोखाड्याच्या बाजूचा. मोखाड्यात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं लहानसं दुकान. त्याच्या घरचे मला बघून गेले, पण तो दुकान सोडून आला नव्हता, त्याचा फक्त फोटो आला. जव्हारजवळच्या शिरपामाळावर उभा राहून, हाताची घडी घालून, काळा चष्मा लावून काढलेला. जव्हार आणि मोखाडा, दोन्ही तालुक्यांतल्या लग्नाळू पोरांचे निम्मे फोटो तिथलेच असतात. मी तो आत्यासमोर धरला, तर तिने मान फिरवली. "मोबाइलमधी समदीच पोरं चांगली दिसतात," म्हणाली.

मुलीने मुलाचं घर बघायला जायची आमच्याकडे पद्धत नाही. मी रुसून, जेवण सोडून ती पाडली. बाबा, आत्या आणि मी निघालो, आई घरी राहिली. जव्हारला जीप भरेना. ड्रायव्हर एकेका माणसाला हाका मारत होता आणि आम्ही उन्हात बसून होतो. शेवटी बाबांनी तिकडे फोन करून सांगितलं की चहाला नाही, जेवणाच्या वेळेलाच पोचू.

पोचलो. मुलगा खाली मान घालून बसला होता. बाबा विचारतील त्याला "हो" किंवा "नाही", पुढे एक शब्द नाही. मला तर तो बघताक्षणी आवडला. काय शांत, काय खोल माणूस! आमच्या घरात सगळी बडबडी, तेव्हा असाच नवरा हवा, असं ठरवून मी पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत मनातल्या मनात होकार देऊन टाकला. आत्याला परसात जायला लागायचं तरी. मी जागची हललेसुद्धा नाही.

तेवढ्यात तो कशाला तरी परसात गेला आणि मागून असा काही गोंधळ उठला की बाबाही वळून बघायला लागले. एक कोंबडी छपरावर, एक लाकडाच्या ढिगावर, बाकीच्या कुंपणापार. आत्या परसात उभीच होती. ती परत येऊन बसली ती ओठ मिटून. मग मात्र जेवायला बसल्यावर तिने कोंबडीचा रस्सा दोनदा मागून घेतला आणि नाचणीच्या भाकरीचं कौतुकही केलं.

परतीच्या जीपमध्ये तिने तोंड उघडलं. "हा पोरगा नाय. मारका हाय."

बाबांनी मान डोलावली. रविवारी मध्यस्थाकडून नकार कळवायचं तिथेच ठरलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला, कारण मला खरी गोष्ट ठाऊक होती. ताटं वाढायला मी आत गेले होते, तेव्हा त्याची आई मला सांगत होती, की शहाण्याने कोंबडी आदल्या रात्री खुराड्यातच धरावी, पण तुम्ही नुसते चहाला येणार होता. फोन आला तेव्हा कोंबड्या कधीच्या बाहेर पडलेल्या. पोराने मग अख्खं परस पालथं घातलं, शेणात पडला, तेव्हा कुठे एक हाती लागली.

"आत्या," मी म्हटलं, "त्या त्याला घाबरल्या त्या आपल्यामुळं. तू दोनदा रस्सा घेतलास ना, त्यासाठीच त्याने सकाळी एकीला पळवून पळवून धरली."

"एकीला धरली ना? मंग समद्या कशाला पळतील?" आत्या म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. कोंबड्यांना मोजून घाबरता येत नाही, हे मी तिला मोखाडा ते जव्हार समजावलं. जीपमधल्या परक्या बायकासुद्धा माझ्या बाजूने बोलल्या. आत्या ढिम्म.

घरी आल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं. नणंदेच्या शब्दाविरुद्ध तिने आजवर ब्र काढला नव्हता, तेव्हाही काढला नाही. फक्त म्हणाली, "ताईंची दगदग झाली. नकार कळवायच्या आधी शनिवारी जेवायला बोलवा त्यांना."

शनिवारी सकाळी आईने कोंबड्या खुराड्यातून सोडून दाणे घातले, त्यांना अंगणभर पांगू दिलं आणि मग बाबांना म्हणाली, "अहो, एक धरून द्या."

"काल रात्री सांगता येत नव्हतं?"

"इसरले."

माझे बाबा म्हणजे मांजरीला वाटेतून उठवताना दिलगिरी दाखवणारा माणूस. पण त्या सकाळी त्यांचं जे रूप झालं ते बघण्यासारखं होतं. धोतर खोचून, डालगं उलटं धरून ते परसातून अंगणात आणि अंगणातून परसात धावत होते, शिव्या घालत होते, एकदा तर कुडाला जाऊन आदळले. मी आणि आई चुलीपाशी तोंडात पदर कोंबून हसत होतो. शेवटी एक मिळाली.

दुपारी आत्या आली. बाबा तिची पिशवी घ्यायला अंगणात उतरले मात्र, सगळ्या कोंबड्या किंचाळत उडाल्या. एक तर आत्याच्या डोक्यावरून गेली.

आत्या थांबली. कोंबड्यांकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं. आई दारातून अगदी भोळ्या चेहऱ्याने म्हणाली, "ताई, तुमच्या भावाचा हात कसा हाय म्हणायचा?"

आत्या पाय धुऊन आत आली, जेवली. रस्सा मात्र एकदाच घेतला. मी आतून आनंदाने उड्या मारत होते. जेवण झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली, आणि आता ही कबूल करणार म्हणून मी सरसावून बसले.

"माजं लगीन ठरलं तवा घर बघाया कोनच आलं नव्हतं," ती म्हणाली. "दारात हा आला की कोंबड्या पार नदीकडं पळायच्या. कोन आलं असतं तर दिसलं असतं."

तिचा नवरा तापट होता, एवढं आम्ही सगळे ऐकून होतो. तापट हा आमच्याकडे फार सोयीचा शब्द आहे. त्याच्यात काय काय घालून झाकता येतं ते मला त्या दुपारी कळलं, आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

"तू कर मनाला येतं तसं," ती म्हणाली. "माजं मन अजून भेतंय."

रविवारी होकार गेला.

माझ्या पारखेचं काय झालं तेही सांगते. लग्नानंतर आठवड्याच्या आत कळलं की त्या दिवशी त्याची दाढ ठणकत होती, तोंड उघडवत नव्हतं. ती काढल्यापासून हा शांत, खोल माणूस जो बोलायला लागला आहे तो आजतागायत थांबलेला नाही. दुकानात गिऱ्हाइकाचा मोबाइल दुरुस्त होतो, पण गिऱ्हाईक सुटत नाही. म्हणजे आत्याही चुकली आणि मीही. माझी चूक मला मानवली, एवढाच फरक.

भाताची लावणी उरकल्यावर आत्या माझ्याकडे राहायला आली. परसाकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. पडवीत बसून नाचणी निवडत राहायची आणि माझ्याकडेच बघायची, इतकं की मला अवघडल्यासारखं व्हायचं.

एका संध्याकाळी मी तिला शेजारणीची गंमत सांगत होते, नक्कल करून, हातवारे करून. मध्येच हा दुकानातून आला. मी त्याला म्हटलं, "पाय धुऊन घे आधी," आणि माझी गोष्ट पुढे चालू ठेवली. संपल्यावर बघते तर आत्या हसतच नव्हती. निवडायचीही थांबली होती.

"तो आला तरी तुजं तोंड चालूच," ती म्हणाली.

मला वाटलं रागावली. "मग काय गप बसू?" मी विचारलं.

"नको गं," आत्या म्हणाली. "मी बसायची."