मागच्या दाराच्या चपला

बातमी आली तेव्हा मी कोंबिनीत, म्हणजे मी पार्ट-टाइम काम करतो त्या चोवीस तास उघड्या दुकानात, फळीवर भाताचे गोळे लावत होतो. सुधीरदादांचा मेसेज दोनच शब्दांचा होता. ‘जयंती गेली.’ आठवड्याभरात हॉस्पिटलमधून घरी सोडणार होते त्यांना... तेवढ्यात दार उघडलं, गिऱ्हाईक आलं, आणि मी सवयीने मोठ्याने स्वागत केलं. तो माझाच आवाज मला अजून परका वाटतो.

जयंतीअक्का इथे जपानमध्ये, सेंदाईच्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करायच्या. घर तमिळ, पण वाढल्या माटुंग्यात, त्यामुळे मराठी एकदम धारदार. सुधीरदादा, त्यांचे यजमान, पुण्याचे. मी कराडचा, आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. समाजशास्त्र शिकायला शिष्यवृत्तीवर इथे आलो. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा बूट दाराबाहेर जिन्याच्या कडेला काढले. जपानात ते दाराच्या आत काढतात हे मला माहीत होतं, तरी मोठ्या माणसांच्या घरी पाय आपोआप बाहेरच थांबले. अक्का बाहेर गेल्या, माझे बूट उचलून आणले आणि स्वतःच्या बुटांशेजारी ठेवले, टोकं दाराकडे करून. “जाताना सोपं पडतं,” एवढंच म्हणाल्या. प्रत्येक पाहुण्याचे बूट त्या असेच फिरवून ठेवायच्या. “आली बुटांची इन्स्पेक्टर!” दादा सोफ्यावरून चिडवायचे. “तू पण वाक कधीतरी, पोट आत जाईल,” हे अक्कांचं ठरलेलं उत्तर.

सेमिनारसाठी मला आशियातला एक लोकप्रिय सिनेमा घेऊन त्यातली सामाजिक आणि राजकीय मूल्यं मांडायची होती. अक्कांनी त्यांचा लाडका तमिळ डिटेक्टिव्ह थ्रिलर लावला आणि शेजारी बसून वाक्यावाक्याचं मराठी करून सांगितलं. चेन्नईत एका बिल्डरचा खून होतो. त्याच्या घरी काम करणाऱ्या बाईच्या चपला पुढच्या दारात सापडतात आणि पोलीस तिला धरतात. वरून मंत्र्याचा फोन येतो, केस मिटवून टाका. तरुण अधिकारी ऐकत नाही. तो म्हणतो, या बाईने पुढच्या दारात चपला काढणंच शक्य नाही, म्हणजे त्या कुणीतरी तिथे नेऊन ठेवल्या. तिथे अक्कांनी सिनेमा थांबवला आणि टाळी वाजवली. “बघितलंस? सत्तेपुढे न वाकणारा पोलीस, गरिबावरच्या संशयाला उत्तर. मिळाली तुला मूल्यं!”

मी कसंबसं म्हणालो, “अक्का, पण ती पुढच्या दारात चपला का काढू शकत नाही, हे कुणी विचारतच नाही.”

“अरे, त्याच्यावरच तर ती सुटली ना!”

“सुटली... पण शेवटी ती परत कामावर येते. तेव्हा चपला कुठे असतात?”

अक्कांनी रिमोट उचलला आणि शेवट पुन्हा लावला. चपला मागच्याच दारी होत्या. आजवर इतक्या वेळा पाहिलेल्या त्या दृश्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. “तरी सिनेमा चांगलाच आहे हं,” शेवटी म्हणाल्या. “मंत्र्याला नाही म्हणणं काही सोपं नसतं. पण तुझं म्हणणंही खरं आहे. दोन्ही मांड.”

मला मात्र विषयच बदलायचा होता. हे तुला कसं दिसलं, असं सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या प्राध्यापकांनी, विचारलं तर काय सांगू? माझी आई कराडला दोन बंगल्यांत धुणीभांडी करते. तिच्या चपला कुठे असतात ते मी लहानपणापासून पाहत आलोय. इथे कुणाला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक व्हावं असंही मला वाटत नव्हतं. अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांनी सहानुभूतीचा एक शब्द काढला नाही. “मग तर तूच बोलायला पाहिजेस,” म्हणाल्या, आणि सेन्सेईंना द्यायचं उत्तर जपानीत माझ्याकडून घोटून घेतलं. क्रियापद चुकलं की पुन्हा. “मी पहिल्या रांगेत बसणार आहे, पुटपुटायचं नाही.”

अक्का गेल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात सेमिनार झाला. पहिल्या रांगेत कुणीच नव्हतं. मी दोन्ही बाजू मांडल्या : सत्तेला नाही म्हणणारा पोलीस, आणि त्यालाही न दिसलेलं मागचं दार. सेन्सेईंनी तोच प्रश्न विचारला. मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणालो, “माझी आई घरकाम करते. तिच्या चपला मागच्या दारी असतात.” क्रियापद बरोबर आलं. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. आईला फोन करून सांगितलं तेव्हा ती आधी घाबरली, “सगळ्यांसमोर?” आणि मग म्हणाली, “बरं केलंस.”

गेल्या रविवारी दादांकडे गेलो. बूट दाराच्या आत काढले. अक्कांचे करडे बूट तिथेच होते, टोकं दाराकडे. त्यांच्याशेजारी माझे काढले तसेच ठेवले, टोकं घराकडे. दादांनी चहा केला, सेमिनारबद्दल दोनदा विचारलं. मग मी कप धुवायला आत गेलो. निघताना पाहिलं, तर माझे बूट फिरवून ठेवलेले होते... आणि दादा भिंतीला हात टेकून, गुडघा चोळत सरळ उभे राहत होते.