औंदा बारा

ग्रंथालयाच्या दाराबाहेर टाळी वाजवल्यासारखे दोन आवाज झाले, की मी मान वर न करता ओळखायचो, अप्पा आले. उंबऱ्याबाहेर उभे राहून ते हातावर हात झटकायचे, पीठ उडायचं, मग दोन्ही तळवे माझ्यापुढे धरायचे. "हात पुसल्यात, मास्तर. बघा की." तरी त्यांनी परत आणलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या शिवणीत पीठ असायचंच. मागच्या गल्लीत त्यांची पिठाची गिरणी होती, आणि ते गिरणीतच बसून वाचायचे.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका जुन्या ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर होतो. आमची पहिली भेट काही चांगली नव्हती. नव्वद-एक्याण्णवचा सुमार असेल. त्यांची धाकटी मुलगी आमची सभासद होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, अबोल, पुस्तक हातात पडलं की जिना उतरतानाच उघडणारी. एक दिवस तिच्याऐवजी हे आले आणि पुस्तक टेबलावर आपटलं.

"पोरीचं लगीन ठरलंय. गडहिंग्लजला दिली. नाव काढा तिचं."

"पुस्तक वाचून झालं का तिचं?"

"लग्नाच्या घरात पुस्तक कशाला पायजे?"

मी तिच्या पानावर लाल शाईची रेघ मारली. तिची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती हे मला माहीत होतं. आपण कोण बोलणारे, असं म्हणून गप्प बसलो. त्याची मला अजून लाज वाटते.

सहा वर्षांनी ते पुन्हा जिना चढून आले, तो एक जानेवारीचा दिवस होता. त्या दिवशी आमच्याकडे एक वही मांडलेली असे. नव्या वर्षात किती पुस्तकं वाचणार, तो आकडा वाचकानं तिच्यात लिहायचा. तुम्हीही कधीतरी असा आकडा ठरवला असेल. प्राध्यापक शंभर लिहायचे, वकील बावन्न, आणि संक्रांतीचा तिळगूळ संपायच्या आत सगळ्यांचा उत्साह संपायचा. मी स्वतः एकदा पन्नास लिहून सातावर थांबलो होतो.

अप्पा म्हणाले, "माझंबी लिवा. औंदा बारा."

"कुठली वाचणार?"

त्यांनी आवाज खाली आणला. "आमच्या पोरीनं वाचलेली. पहिल्यापासनं, वळीनं." मग स्वतःच सांगू लागले. "दिवाळीला येती. आईसंगं बोलती, भणीसंगं बोलती. मी आलो की उठून आत जाती. सा वर्सं झाली. चुकलंच माझं. पण चुकलं म्हणायला जरी गेलो, तरी तिच्याशी बोलायचं कसं? तिच्या डोक्यात काय हाय, तेच मला म्हाईत न्हाई."

मी माळ्यावरची जुनी नोंदवही काढली. लाल रेघेखाली तिची एकोणपन्नास पुस्तकं होती. एकोणपन्नासावं म्हणजे त्यांनी आपटलेलं ते. अप्पांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. "हे शेवटाला," एवढंच म्हणाले.

माणूस चौथी शिकलेला. अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचायचा. "गिरणी चालू असली की बरं पडतंय, कितीबी वरडून वाचा, कुणाला ऐकू येत न्हाई." एकदा या नादात त्यांनी एका बाईंचे गहू दुसऱ्याच्या नाचणीवर दळले. त्या बाई काळ्या चपात्यांचा राग घेऊन थेट माझ्याकडे आल्या. जणू गिरणी माझीच.

पहिल्या वर्षी नोव्हेंबर उजाडला तरी नऊच झाली होती. मी शहाणपणा केला आणि यादी सोडून तीन पातळ पुस्तकं पुढं सरकवली. म्हटलं, आकडा तरी भरेल. अप्पा भडकले. "पीठ कमी पडलं म्हणून कुणी भुसा घालतंय व्हय, मास्तर?" मग रोज पहाटे गिरणी उघडून, दळण नसताना, त्यांनी राहिलेली तीन पुरी केली.

तिसऱ्या दिवाळीनंतर ते हात न झटकताच आत आले. एका कादंबरीतली म्हातारी रोज दार उघडं टाकून बसते, त्याविषयी ते जेवताना कुणाला तरी म्हणाले होते, ती म्हातारी वेडीच हाय. "तर पोरगी आतनं म्हणाली, ती वेडी न्हाई, अप्पा. ती वाट बघती. तुम्ही नीट वाचलं न्हाईसा." त्यांनी तीन बोटं उभी केली. "तीन वाक्यं बोलली, मास्तर!" टेबलभर पीठ सांडलं होतं. मी ते तसंच राहू दिलं.

चार वर्षांत बारा-बारा करून अठ्ठेचाळीस झाली. पाचव्या एक जानेवारीला वहीसमोर उभे राहून म्हणाले, "औंदा एकच."

आठवड्याभरात ते पुस्तक घेऊन आले. मध्यावर एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. तिनेच दुमडलेला, लग्नाआधीचा. "हितवर आलो. हितनं फुडं तिनं वाचलेलंच न्हाई. मीच हिसकून घेतलं. आता तिच्या फुडं मी कसा जाऊ?" त्याच दिवशी ते एस.टी.नं गडहिंग्लजला गेले आणि पुस्तक तिच्या हातात देऊन आले. तिनं ते घेतलं, चहा केला. जास्त काही बोलली नाही.

नंतर त्यांनी पुस्तक नेलं नाही, पण वर्गणी चुकवली नाही. दर एक जानेवारीला तेच, "औंदा एकच." मी म्हणायचो, "दुसरी प्रत आहे आपल्याकडे, न्या की." ते मान हलवायचे. "तिचं होऊ द्या आधी. मग म्होरं वाचीन." मीही गडहिंग्लजच्या पुस्तकाची मुदत गुपचूप वाढवत राहिलो.

त्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात अप्पा गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. गिरणीला कुलूप लागलं.

पुढच्या एक जानेवारीला वही मांडून बसलो होतो, तर दारात ती. केसांत पांढरं दिसत होतं, हातात पुस्तक होतं.

"दर रविवारी फोन करायचे," ती म्हणाली. "संपलं का गं? मी म्हणायची, न्हाई अप्पा, वेळच मिळत न्हाई."

"अडीच वर्षं?"

"चार दिवसांत संपलं होतं." ती टेबलाकडे बघत होती. "संपलं म्हणलं असतं तर फोन कशाला केला असता त्यांनी? आमच्याकडं दुसरं बोलायला काय होतं?" मग तिनं विचारलं, "त्यांनी दुसरी प्रत नेली असंल की तुमच्याकडनं?"

हो म्हणणं सोपं होतं. पण या माणसाच्या बाबतीत मी एकदा गप्प बसलो होतो. मी म्हणालो, "नाही नेली. तिचं होऊ द्या आधी, म्हणायचे."

तिनं पुस्तक उघडलं आणि सावकाश पानं उलटत गेली. प्रत्येक पानाच्या शिवणीत पीठ होतं. दुमडलेल्या कोपऱ्यापर्यंत होतं. त्याच्यापुढं एकही कण नव्हता.

पुस्तक माझ्याकडे सरकवून ती निघाली. बोटांना पीठ लागलं होतं. दाराबाहेर गेली, उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली. मी कान देऊन बसलो होतो. तिनं हात झटकले नाहीत.