परत केलेला चष्मा

बायको गेली त्याच वर्षी मी निवृत्त झालो आणि बडोद्यात कारेलीबागेतल्या एका ट्रस्टमध्ये जाऊ लागलो. सेवाभाव वगैरे काही नव्हता. रविवार संपता संपत नसे, एवढंच. ट्रस्ट खेड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना जवळचं दिसायचे चष्मे फुकट वाटत असे. जीपमध्ये चष्म्यांच्या पेटीला एका माणसाची जागा लागे, बॅनरला दोघांची. अध्यक्षांचे पणजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि अध्यक्ष अजूनही दरबारात उभे असल्यासारखं भाषण करत.

अक्षरांच्या तक्त्यावर डोळे तपासण्यात अर्थ नव्हता. बहुतेक बायकांना वाचता येत नसे, आणि बडोद्याहून आलेल्या साहेबांना नाही कसं म्हणायचं, म्हणून त्या कुठलाही चष्मा लावून "देखाय छे", दिसतं, म्हणत. मग मी घरातली सुई आणि दोऱ्याचं रीळ नेऊ लागलो. दोरा ओवला गेला की चष्मा बरोबर. सुईला कुणाची भीड नसते.

डभोईच्या पुढे एका गावात गोधड्या शिवणारी एक म्हातारी होती. एकटीच राहायची. सगळं गाव तिला 'बा', म्हणजे आई, म्हणे. तिसरा चष्मा लावल्यावर तिने पहिल्या झटक्यात दोरा ओवला. टाळ्या झाल्या, फोटो निघाला, आणि ती आमच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर जाऊन बसली.

दोन महिन्यांनी पाहणीसाठी मी एकटाच एसटीने गेलो. पाहणीला हारतुरे नसतात, त्यामुळे गर्दीही नसते. म्हातारीने मला पाणी दिलं आणि फडक्यात बांधलेला चष्मा पुढे ठेवला.

"भाई, हा परत घेऊन जा."

"का, बा? नंबर चुकला?"

"नंबर कसला चुकतोय! हाताच्या सुरकुत्यासुद्धा मोजता येतात. नको तेवढं दिसतं."

"मग?"

तिने शेजारच्या घराकडे हनुवटी केली. तिथली नवी सून रोज दुपारी येऊन तिला दहा सुया ओवून देत असे. दहा सुयांना कितीसा वेळ लागतो? पण ती तासभर बसे. म्हातारीचं काम करणं म्हणजे पुण्य, त्यामुळे सासूला काही बोलता येत नसे. चष्मा आला आणि सासू म्हणाली, "आता बाला दिसतं ना? मग तू तिथं काय करतेस?"

"तेव्हापासून माझ्याशी बोलायला कोण आहे, ते सांग," म्हातारी म्हणाली.

"चष्मा लावत नाही म्हणून सांगायचं."

"चष्मा घरात असताना? ती मेली सासू माझा दोरा ओवतानाचा फोटो बघून गेलीय."

माझ्या फॉर्मवर दोनच रकाने होते: 'उपयोग होतो' आणि 'हरवला किंवा फुटला'. दिलेली वस्तू कुणी परत करील, ही शक्यता ट्रस्टच्या मनाला शिवली नव्हती. मी कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'नंबर जुळत नाही, चष्मा परत घेतला', आणि शेजारच्या ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसलेल्या सासूला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचून दाखवलं. उभा जन्म मास्तरकीत घालवूनही इतकं स्वच्छ खोटं मला बोलता येतं, हे माहीत नव्हतं.

"फुकटचं ते असंच असायचं," सासू सुपावरून मान वर न करता म्हणाली. ट्रस्टची अब्रू गेली. मला काही वाटलं नाही.

थंडीत पुढच्या गावाला निघालो होतो, तेव्हा मध्येच त्या गावात उतरलो. काम काही नव्हतं. घटकाभर बसावं, चहा मिळाला तर प्यावा, असं मनात होतं. म्हातारीच्या दारात दोघी उन्हाला बसल्या होत्या. सून सुई उजेडाकडे धरून काहीतरी सांगत होती आणि म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती.

म्हातारीला लांबचं चांगलं दिसत असे. रस्त्यावरूनच तिने मला ओळखलं, माझ्या खांद्यावरची चष्म्यांची पिशवीही ओळखली. तिचं हसू थांबलं. सुनेच्या पाठीमागून तिने हात हलवला: जा, जा.

मी मागे वळलो. पुढची बस तासाभराने होती. फाट्यावरच्या बाकावर जाऊन बसलो.