काशाच्या वाटीची कड

हे मी आईजवळही बोललेले नाही. तुम्हाला सांगते — जमेल तसं, हळूहळू.

माझा धाकटा भाऊ विलास. शाळेत असल्यापासून इन्सुलिनवर होता. तरी तिशीनंतर डोळे अधू झाले, मग तळपायांची जाणीव गेली. डॉक्टरांनी बजावलं होतं — त्याचे तळवे रोज कुणीतरी बघा, जखम झाली तरी त्याला कळणार नाही. ते काम माझ्याकडे आलं. मी लवळ्याच्या कॉलेजात ग्रंथालयात होते. एसटीने कोळवणला घरी आले की त्याच्या पायाशी बसायचे.

आईने त्या कामाला काशाच्या वाटीची जोड दिली. तूप लावून वाटीने घासलं की तळवा काळा पडतो. अंगातली उष्णता निघाली, असं आमच्याकडे म्हणतात. तो काळेपणा धातूचा असतो, हे मी वाचलेलं होतं. बधिर पायाला हे चालेल का, डॉक्टरांना विचारावं, असंही मनात आलं होतं. विचारलं नाही.

"अक्का, लई बरं वाटतंय बघ," विलास म्हणायचा.

"तुला काय डोंबल कळतंय?"

"पायाला नसंल कळत. मला कळतंय की!"

आणि हसायचा. त्या हसण्याचा मला राग यायचा. घरातला प्रत्येक सण, माझ्या लग्नाची प्रत्येक बोलणी त्याच्या दुखण्यामागे अडून राहिलेली — आणि हा मजेत. पण रागाने हात जड झाला, एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले असते का?

एका संध्याकाळी तो फार्महाऊसवाल्याची जीप भाताच्या खाचरात रुतल्याची गोष्ट सांगत होता. "आन् सायेब खाली उतरलं तर बूट चिखलात, पाय वर!" मी वाटी उभी धरली. कड तळव्यात दाबली. कळतंय का, बघायचं होतं. तो बोलतच राहिला. मी आणखी दाबली. आणखी. मला बरं वाटत होतं — हो, बरं. कातडी फाटली, काळ्या तुपात लाल मिसळलं, त्याची गोष्ट चालूच. मी पाय पुसला आणि मोजा चढवला.

"पाय बरं हायेत ना गं?" तो रोज विचारायचा.

"छान आहेत." मी रोज बघत होते, आणि रोज हेच म्हणत होते. जखम चिघळली. शेवटी मोज्याचा वास आईला आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे कशाने झालं? "अनवाणी खाचरात गेला असेल," मी म्हणाले. आवाज जराही कापला नाही.

आई त्याच्यावर तुटून पडली. "कितींदा सांगितलं रं, चप्पल घाल म्हणून! पोरीनं हाडाची काडं केली तुज्यापायी."

विलासला काहीच आठवेना. तरी मान खाली घालून म्हणाला, "गेलो आसंन, आये."

पाय गुडघ्याखालून काढायचं ठरलं. आत नेताना त्याने चाचपडत माझा हात धरला. "अक्का, तुजी समदी मेहनत मातीत घातली मी. रागावू नगंस."

तेव्हाही सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही. म्हणाले, "जाऊ दे. माफ केलं तुला."

त्याचा चेहरा सैल झाला. जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. तो पुन्हा शुद्धीवर आला नाही.