आजीच्या नावाचा डबा

जपानला दहा महिने राहून आले त्याला दोन वर्षं झाली, पण किस्से काही संपत नाहीत. त्यात यंदा तिथल्या वर्गातल्या तिघी आठवडाभर आमच्याकडे मुंबईत, नाहूरला आल्या आणि साठा दुप्पट झाला!

*

मी तिथे अकरावीला एक्स्चेंज स्टुडंट होते. पहिल्याच दिवशी शाळा सुटली आणि अख्खा वर्ग झाडू-फडकी घेऊन कामाला लागला. मी बाकावर बसूनच विचारलं, "सफाईच्या मावशी आज आल्या नाहीत का?"

युई नावाच्या मुलीने माझ्या हातात ओलं फडकं दिलं. तीच पुढे माझी जिवलग मैत्रीण झाली.

व्हिडिओ कॉलवर हे ऐकून आई म्हणाली, "झकास! अजून एक वर्ष ठेवून घेतात का विचार!"

*

इथे आल्यावर युई आणि बाकी दोघी समोरच्या काळेकाकूंच्या फ्लॅटमध्ये उतरल्या. काकू गावी गेल्या होत्या. पहिल्या सकाळी मी हाताला लागला त्या डब्यात पोहे भरून नेऊन दिले.

"अगं, वाट लावलीस! तो माझ्या आईचा डबा!" आईने कपाळाला हात लावला.

आजी गेल्या वर्षी गेली. त्या स्टीलच्या डब्यावर तिचं नाव कोरलेलं आहे. आई तो कुणालाच देत नाही.

"मागून आणू?"

"पाहुण्यांकडे डबा मागतात का गं?"

संध्याकाळी युई परतभेट म्हणून बिस्किटांचा सुंदर खोका घेऊन आली. डबा नाहीच! त्यांच्याकडे भेट खोक्यासकट द्यायची असते, त्यामुळे डबाही आपलाच असं ती समजली. वर त्यावर नाव कोरलंय म्हणून कोण कौतुक!

*

बाबा तिघींना अंधेरीला शूटिंग दाखवणार होते. "पाच मिनिटांत खाली येतो," म्हणाले आणि आंघोळीला गेले. पाऊण तासाने उतरले तर तिघी गेटपाशी ओळीने उभ्या.

युई वाकून म्हणाली, "माफ करा, आम्ही फारच लवकर आलो."

बाबा आता ऑफिसलाही वेळेवर निघतात.

*

वर्सोव्याला आईची मासेवालीशी घासाघीस सुरू झाली. तिघींना वाटलं, आता मारामारी होणार! शेवटी मासेवालीने हसत हसत मूठभर सुके बोंबील वर दिले. युईने ते कशात ठेवावेत? पाठीवरच्या बॅगेतून आजीचा डबा काढला!

आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग म्हणाली, "असू दे. आईला आवडायचे बोंबील."

*

निघायच्या दिवशी मला राहवलं नाही. युईला सगळं सांगून टाकलं. ती पांढरीफटक पडली. बांधलेली बॅग उघडून तिने डबा काढला, पुन्हा धुतला, पुसला आणि दोन्ही हातांनी आईपुढे धरला. मान खाली, डोळ्यांत पाणी.

आईने डबा घेतला. नावावरून बोट फिरवलं आणि स्वयंपाकघरात गेली. बाहेर आली तेव्हा डब्यात रव्याचे लाडू होते.

"आई, अगं आजीचा डबा!"

"तू गप्प बस. तिला सांग, हा मला परत पाहिजे. कुरिअरने नको, स्वतः घेऊन यायचं." डबा युईच्या हातात देत आई म्हणाली, "आणि रिकामा आणलास तरी चालेल म्हणावं!"