माहेरी ठेवलेली अकरा नावं

टाइप करण्याआधी तो मान वळवून दाराकडे बघायचा. दोन अक्षरं दाबायचा, पुन्हा दार. मग मला विचारायचा, "कोनी दखं नही ना, भो?" कोणी पाहिलं नाही ना? पाहण्यासारखं काही नसायचंच. गुजरातेत, इच्छापोरच्या एका कापड छापणाऱ्या मिलमध्ये तो कॉम्प्युटरवर कामगारांची हजेरी ठेवायचा आणि मी फाटकावरची कार्डं त्याच्याकडे आणून द्यायचो. दोघंही गोडादऱ्यात राहायचो, दोघांचीही गावं खानदेशातली.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चहासुद्धा चोरून प्यायल्यासारखा पिणारी. पण हा माणूस आपल्या प्रोग्रामांना नावं द्यायचा ती हसू येईल अशी. उशिरा येणाऱ्यांना हुडकणारी 'नणंद'. प्रिंटर चालवणारा 'जावई', कारण मान दिल्याशिवाय तो हलत नसे. नाव कायमचं पुसणारी 'सासू'. आणि गावी गेलेल्यांची नावं नोकरीच्या वर्षांसकट बाजूला जपणारं 'माहेर'. माणूस परतला की नाव जसंच्या तसं यादीत.

"असली नावं कशाला?" मी एकदा विचारलं.

"दिवसभर भ्यायचंच आहे, भो. मधी थोडं हसाले नको?"

मी तेव्हा पत्रकं लिहायचो. रंगखात्यातल्या वाफेवर आणि बंद पंख्यांवर एक जळजळीत पत्रक लिहिलं. खाली अकरा कामगारांनी सह्या केल्या. माझी सही नव्हती. लिहिणाऱ्यानं मागे राहावं, हे तत्त्व आहे असं मी स्वतःला सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं त्या अकरा नावांची चिठ्ठी त्याच्यापुढे टाकली. पुसून टाका. म्हणजे कोणाची बारा, कोणाची पंधरा वर्षांची नोकरी कधी झालीच नव्हती, असं ठरणार. मी कार्डं घेऊन शेजारीच उभा होतो. त्याचे ओठ कोरडे पडलेले मला दिसले. त्यानं सासूला बोलावलं नाही, माहेराला बोलावलं. यादीतून अकराही नावं गेली.

मॅनेजर निघाला होता, पण पडद्यावरच्या प्रोग्रामाच्या नावाशी अडला. ते इंग्रजी अक्षरांत होतं. त्यानं ते गुजरातीत वाचलं: महेर. म्हणजे दया.

"आ महेर कोना पर करो छो, भाई?"

दयेचा आळ झटकण्याच्या घाईत हा खरं बोलून बसला. "महेर नथी, साहेब. अमारामां माहेर एटले पियर."

मॅनेजर हसला. मग त्याचं हसू थांबलं. "पियर गयेली तो पाछी आवे ने?"

माहेरी गेलेली परत येतेच. खोलीत पंखा फिरत होता आणि माझ्या हातातली कार्डं घामानं चिकटली होती. ते पत्रक माझं आहे, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. मी चिकटलेली कार्डं सोडवत राहिलो.

"मारी सामे काढो. कायमनुं." म्हणजे त्याच्यासमोर सासूला बोलवायचं.

त्यानं दोन्ही हात काखेत घातले, थंडी वाजल्यासारखे. "माराथी नहि थाय, साहेब," तो म्हणाला. माझ्याच्यानं नाही व्हायचं. आवाज इतका बारीक की मॅनेजरनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. मग उठला आणि चपला हातात घेऊनच बाहेर गेला.

नवा माणूस आला. नणंद, सासू, जावई बघून त्याला घाम फुटला. कोणतं दाबलं तर काय जाईल, कोणाला ठाऊक. "आमां हाथ नाखीश तो बधुं जशे," तो मॅनेजरला म्हणाला, आणि मॅनेजरही घाबरला. तोवर त्या अकरा जणांनी आणि मी लेबर ऑफिसात अर्ज दिला होता. त्या ऑफिसनं माहेर उघडायला मिलला भाग पाडलं, तेव्हा अकराही नावं वर्षांसकट तिथे होती. त्या अर्जाखाली पहिली सही माझी होती. ती करण्याआधी मी मान वळवून दाराकडे पाहिलं, हेही लिहून ठेवतो.

आमच्या पत्रकांत भित्र्या माणसाला जागा नसायची. ती चूक होती.

पुढे एकदा तो कामरेजच्या चौकात दिसला. मी हाक मारली. त्यानं मला पाहिलं, आधी माझ्या मागे कोण आहे ते पाहिलं, आणि समोर जी बस उभी होती तिच्यात पाटी न वाचताच चढला.