चार तासांची बैठक

"एक्स-रे अगदी छान आहे," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा ऑपरेशनला आठ महिने होऊन गेले होते. समोरच्या पडद्यावर माझा उजवा गुडघा होता. दोन हाडांच्या टोकांना धातूच्या पांढऱ्याशुभ्र टोप्या, कुठे फट नाही, कुठे तिरकेपणा नाही. रक्ताचे रिपोर्टही स्वच्छ आले होते.

"मग दुखतं कशामुळे?" मी विचारलं.

डॉक्टर सरळ माणूस होते. चष्मा काढून म्हणाले, "काही जणांचं दुखणं राहतं. सांधा उत्तम बसलेला असतो, तरी राहतं. हळूहळू कमी होईल, पण पूर्ण जाईल असं वचन मी देणार नाही."

परत येताना रिक्षात यजमानांनी एक्स-रेचं पाकीट मांडीवर सरळ करून ठेवलं. मग म्हणाले, "चला, एक्स-रेची तब्येत तरी सुधारली." मला हसू आलं नाही. विश्रांतवाडीचा सिग्नल लागेपर्यंत मी बाहेर बघत राहिले आणि घरी आल्यावर न्हाणीघरात दार लावून रडले.

माझे गुडघे गेले ते उभं राहून. बुधवार पेठेतल्या पाठ्यपुस्तकांच्या दुकानात सव्वीस वर्षं मी काउंटरवर होते. जूनमध्ये तर दिवसभर शिडीवर चढ-उतार. निवृत्त झाल्यावर आराम करीन म्हणता म्हणता लेखनिकाचं काम हाती घेतलं. ज्या मुलांना दिसत नाही त्यांच्यासाठी परीक्षेत पेपर लिहायचा. त्यांनी उत्तर सांगायचं, आपण कागदावर उतरवायचं. माझं शिक्षण बारावीपर्यंत. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला लागतो, त्यामुळे कॉलेजच्या मुलांसाठी मी नियमात बसत होते. आयुष्यात कमी शिकल्याचा हा एकच फायदा मला झाला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मला वॉकर धरून उभं केलं, तेव्हा वाटलं होतं की तीन महिन्यांत सगळं पूर्वीसारखं होईल. सोसायटीतल्या एका बाईंचं तसंच झालं होतं. त्या चौथ्या महिन्यात टेकडी चढून आल्या आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत सुटल्या. मी मात्र सहाव्या महिन्यातही खुर्चीतून उठताना टेबलाची कड शोधत होते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर, आणि त्या बधिरपणाच्या खाली चटका बसल्यासारखी आग. चालताना कमी, बसून राहिलं की जास्त. अर्धा तास बसले की पाय लाकडासारखा होई.

व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येत असे. मूळची वऱ्हाडातली, शिकायला पुण्यात आली आणि इथेच राहिली. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, मग टाच घसटत मागे आणायची. माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ती शांतपणे म्हणायची, "होते काकू, होऊन जाते. अजून दोन बोटं मागे घ्या." एक्स-रेच्या दिवसानंतर ती आली तेव्हा मी तिला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं आणि म्हटलं की आता व्यायामाचा काय उपयोग.

तिने माझ्या पायावरचा हात काढला नाही. "दुखणं कधी जाईल ते मले पण नाही माहीत," ती म्हणाली. "पण तुम्हाला पाय कशासाठी पाहिजे, ते सांगा. त्याची तयारी करू आपण."

टेकडीचं मला कधीच काही नव्हतं. देवाला पायऱ्या चढून जायची हौसही नव्हती.

उत्तर चार दिवसांनी फोनवरून आलं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी, इतिहास विषय घेतलेली. तिचे आधीच्या दोन्ही वर्षांचे पेपर मीच लिहिले होते. शाळेत असताना तिची दृष्टी हळूहळू गेली होती, त्यामुळे अक्षरं तिला आठवत होती. एखादं नाव कसं लिहायचं यावरून ती माझ्याशी वाद घालायची. आता म्हणाली, "काकू, परीक्षा सात आठवड्यांवर आली. तुमचं ऑपरेशन झालंय, मला माहीत आहे. जमणार नसेल तर स्पष्ट सांगा, मी दुसरं कुणी बघते. पण तुम्हाला माझा वेग माहीत आहे."

तीन तासांचा पेपर, वर जादा वेळ धरून चार तास. सहा पेपर.

"एक दिवस दे," मी म्हटलं.

यजमानांना विचारलं तर ते म्हणाले, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. चार तास बसायला कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही." दोन मिनिटांनी मात्र स्वतःच जेवणाच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बघायला लागले, उंची किती आहे म्हणून.

सरावाला सुरुवात झाली ती चाळीस मिनिटांपासून. रोज सकाळी नऊला मी टेबलाशी बसे, यजमान वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचत आणि मी तो लिहून काढत असे. ते मुद्दाम भराभर वाचत. फिजिओथेरपिस्टने युक्त्या सांगितल्या: पाय थोडा पुढे, टाच लाकडी पाटावर टेकलेली, दर दहा मिनिटांनी घोटा हलवायचा, दर अर्ध्या तासाने उभं राहायचं. आग व्हायचीच. पण पहिल्यांदा मी त्या आगीकडे बघत बसले नाही, कारण अग्रलेख पुढे चाललेला असे. तिसऱ्या आठवड्यात दीड तास झाला. पाचव्या आठवड्यात गुडघा असा सुजला की तीन दिवस सगळं बंद, बर्फाची पिशवी आणि मी. त्या तीन दिवसांत मी त्या मुलीला फोन करून खरं ते सांगितलं. लागोपाठच्या दिवशी आलेले पेपर मला झेपणार नाहीत. सहातले चार मी लिहीन, उरलेल्या दोनांसाठी दोघी मिळून कुणी शोधू. मला वाटलं, ती नाराज होईल. ती म्हणाली, "चार म्हणजे पुष्कळ झाले." दुसरी लेखनिक आमच्याच सोसायटीतली अकरावीची विद्यार्थिनी निघाली.

पहिल्या पेपरला मी घरचा पाट पिशवीत घालून कॉलेजात नेला. आम्हाला वेगळी खोली दिली होती. पर्यवेक्षक बाईंनी पाट बघून भुवया चढवल्या. "परीक्षेच्या खोलीत बाहेरची वस्तू चालत नाही."

"माझा गुडघाही बाहेरचाच आहे," मी म्हटलं. "तो आत आला, मग पाटाला येऊ द्या."

बाईंनी पाट उलटा करून खालून नीट बघितला, काही लिहिलंय का ते तपासलं आणि पायाशी ठेवून दिला. हसल्या नाहीत, पण थोड्या वेळाने माझे कागद फडफडताना बघून पंखा त्यांनीच कमी केला.

पहिला दीड तास बरा गेला. मुलगी सलग सांगत होती, मी लिहीत होते. दोन तासांनंतर आग सुरू झाली ती मांडीपर्यंत चढली. माझ्या हाताचा वेग कमी झाला नव्हता, याची मला खात्री आहे. तरीही ती एका वाक्याच्या मध्येच थांबली.

"काकू, तुमची खुर्ची सारखी करकरतेय. दुखतंय ना?"

"तू उत्तर सांग."

"सांगते. पण पुढचा प्रश्न मोठा आहे, मला त्याचे मुद्दे मनात लावायचेत. तेवढ्यात तुम्ही उभ्या राहा."

मी बाईंची परवानगी घेऊन उभी राहिले. खिडकीचा कट्टा कमरेच्या वर येत होता. उत्तरपत्रिका त्यावर ठेवून बघितली, तर हात अगदी बरोबर बसला. काउंटरवर सव्वीस वर्षं उभ्यानेच लिहीत होते मी. तो मोठा प्रश्न, सबंध साडेचार पानं, मी खिडकीपाशी उभी राहून लिहिला. मग पुन्हा बसले, पुन्हा उठले. शेवटचं उत्तर लिहून झालं तेव्हा आमच्या हाती सात मिनिटं उरलेली होती आणि तिने ती एका राजाच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात घालवली.

घरी आल्यावर गुडघा भोपळ्यासारखा झाला होता. दुसरा दिवस पलंगावर गेला. पण तिसऱ्या दिवशी मी उठले, आणि पुढच्या पेपरला गेले, आणि त्याच्या पुढच्याही. चौथ्याला यजमान पिशवी घेऊन सोबत आले आणि चार तास बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसले. एकच पेपर चार तास वाचता येतो हे त्यांनाही नवीन होतं.

ती मुलगी पहिल्या वर्गात पास झाली. ज्या दोन पेपरांना मी नव्हते, त्यांतल्या एकात तिला सर्वांत जास्त गुण होते. हे तिने मला आवर्जून सांगितलं. आता ती एम.ए.ला आहे.

ऑपरेशनला दोन वर्षं होत आली. आग निम्म्यावर आली असेल, गेलेली नाही. थंडीत सकाळी पहिली दहा पावलं नकोशी होतात. मांडी घालून बसता येत नाही, बहुधा येणारही नाही. कुणी विचारलं की मी "बरं आहे" म्हणत नाही, "दुखतं, पण काम होतं" असं सांगते. डावा गुडघा आता कुरकुरायला लागला आहे. त्याचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, मार्चच्या परीक्षा होऊ द्या, मग बोलू.